फुलसावंगी ते कॅलगरी : दहा तासांचा उपास

मी भूगोलाचा मास्तर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही विचारणारच की हा माणूस पोटासाठी करतो तरी काय. वीस वर्षं झाली, फुलसावंगीच्या शाळेत फळ्यावर गोल काढतो, त्यावर उभ्या रेघा मारतो आणि पोरांकडून घोकून घेतो : एका रेखांशाला चार मिनिटं, पूर्वेला वेळ पुढे, पश्चिमेला मागे. ज्याला हे येत नाही त्याला मी बाकावर उभं करतो. आणि स्वतःच्या हातात विमानाचं तिकीट आलं तेव्हा मी त्यावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी केली. मुंबईहून सकाळी सातला सुटणार, कॅलगरीला संध्याकाळी पाचला पोचणार. दहा तास.

कॅलगरी कॅनडात आहे. माझी धाकटी बहीण सुनीता तिथे नर्स आहे. त्या वर्षी तिला मुलगी झाली, दिवस भरायच्या बऱ्याच आधी. महिनाभर ते लेकरू दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. इकडे आमच्या याडीनं देवीला नवस बोलला. याडी म्हणजे आई. आम्ही लमाण. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला, आता आम्ही तांड्यात राहून कपाशी पेरतो. घरात गोरबोली बोलतो, पण वाचणाऱ्यांची अडचण नको म्हणून याडीचं बोलणं मी वऱ्हाडीत देतो. बाहेरच्यांशी ती तशीच बोलते.

नवस असा होता. नात पेटीतून घरी येऊ दे. मी स्वतः तिला पाहायला जाईन. ज्या दिवशी विमानात बसेन त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. सूर्य बुडाला की आपल्या शेतातल्या कापसाच्या वातीनं दिवा लागेल, मगच नातीला मांडीवर घेईन, मगच जेवेन. हा नवस बोलताना तिनं कुणाचा सल्ला घेतला नव्हता. घेतला असता तर माझाच घेतला असता, म्हणजे काही फरक पडला नसता.

नात घरी आली. आता जाणं भाग होतं. सत्तरी ओलांडलेली माझी आई, नांदेडच्या पलीकडे कधी न गेलेली, जायला तयार झाली ती माझ्या हिशोबावर. "याडी, दहा तास," मी म्हणालो. "पाचला उतरू, साडेसहाला सुनीच्या घरी. सूर्य बुडाला की दिवा लाव अन् जेव."

माझी बायको शेवंता तेव्हा चुलीपुढे होती. ती मान वर न करता म्हणाली, "दहाच तास? मंग सुनीताबाईचा फोन येते तवा इथिसा सकाळ असते अन् त्यायच्याकडं रात कशी असते?"

"तुले नाई समजत ते," मी म्हणालो. या वाक्याचा मला पुढे फार त्रास झाला.

शेवंताबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आमच्या घरात देवीपुढचा सांजेचा दिवा याडीच लावते. थोरलीनं लावायचा अशी रीत आहे म्हणते. शेवंता लग्न होऊन आली त्याला एकोणीस वर्षं झाली, पण तिला त्या दिव्याला हात लावायची परवानगी नव्हती. वातींचा डबासुद्धा याडीच्या उशाशी. यावरून दोघींत भांडण कधी झालं नाही, म्हणजे मोठ्यानं झालं नाही. निघताना याडीनं डब्यातल्या निम्म्या वाती रुमालात बांधून कमरेला खोचल्या आणि डबा मुकाट्यानं फळीवर ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही.

मुंबई

विमानतळावर पहिली गंमत तपासणीच्या चौकटीत झाली. याडी अजूनही फेट्या-कांचळी, म्हणजे आमचा घेरदार घागरा आणि चोळी घालते. केसांत घुगऱ्या म्हणजे चांदीचे लोंबते दागिने, दंडापर्यंत बांगड्या, कांचळीवर आरसे आणि जुनी नाणी शिवलेली. ती चौकटीखालून गेली आणि यंत्रानं जो आकांत केला तो थांबेचना. घुगऱ्या काढल्या, तरी वाजे. बांगड्यांना तर साबण लावला तरी त्या निघाल्या नसत्या. शेवटी पोलीसबाई हसत म्हणाली, "आजी, तुम्ही नुसत्या चालत नाही, वाजत वाजत जाता." याडीला ते कौतुक वाटलं. तिनं बाईच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

पहाटे चारला तिनं अर्धी भाकर आणि ठेचा खाल्ला होता. विमान वर गेलं तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. याडीनं खिडकीतून त्याला हात जोडले आणि उपास सुरू झाला. पाणी चालणार होतं. बाकी काही नाही.

आकाशात

हवाईसुंदरी थाळी घेऊन आली. याडीनं मान हलवली. ती फळं घेऊन आली, मग बिस्किटं, मग नुसताच काळजीचा चेहरा घेऊन आली. "लेकरू किती येळा विचारून राह्यलं," याडी म्हणाली. "तिले सांग, दिवस बुडला का खाईन." अन्न वाया जाऊ नये म्हणून याडीची थाळी मी खाल्ली. माझी तर खाल्लीच होती.

माझ्या पलीकडे पुण्याचे एक गृहस्थ होते. गाव विचारलं. यवतमाळ जिल्हा म्हटल्याबरोबर त्यांचा आवाज खाली गेला, चेहरा लांबला आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या कापसाला भाव नव्हता, पण जिल्ह्याला पेपरात भाव आला होता. नाव सांगितलं की लोक सांत्वन करायला लागत. दुःख होतं, खोटं कशाला बोलू. पण आमच्याकडे लग्नंही होत होती, पोरं नापासही होत होती आणि आषाढात तळलेलंही खात होतो, हे कुणाला ऐकायचं नसे. मला राग आला. याडीनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला हळूच विचारलं, "यायचं कोणी मेलं काय?"

गृहस्थ तसे सज्जन होते. मी त्यांना सांगितलं की आता निम्मा प्रवास झाला, पाच तास झाले. त्यांनी समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. त्यात आमचं विमान चिलटाएवढं दिसत होतं आणि खाली वेग लिहिला होता, ताशी नऊशे किलोमीटर. "लंडनलाच अजून साडेचार तास आहेत," ते म्हणाले. "तिथून तुमचं दुसरं विमान. ते नऊ तास घेईल."

तिकीट काढून देणाऱ्यानं मला अंतर सांगितलं होतं. साधारण चौदा हजार किलोमीटर. ते मी पाठही केलं होतं, तांड्यात सांगायला. चौदा हजार भागिले नऊशे. चौथीतल्या पोरानं केलं असतं. मी ते तिथे, दोन थाळ्या खाऊन झाल्यावर केलं. मग रेखांश आठवले. मग शेवंता आठवली.

"याडी, हिशोबात थोडी चूक झाली."

"केवढी?"

"साडेअकरा तासाची."

"म्हणजे तिकडं सूर्य बुडतच नाई?"

"बुडते. पण आपण त्याच्याच मागं मागं जाऊन राह्यलो. तो पुढं, आपण मागं. म्हणून तो बुडून नाई राह्यला."

मला वाटलं आता माझी खैर नाही. याडी खिडकीकडे वळली. सूर्य तिथेच होता, पंखाच्या जरा वर.

"राहू दे," ती म्हणाली. "सोबत चांगली हाय."

लंडन

लंडनच्या विमानतळाबद्दल इतर प्रवासी पुष्कळ लिहितात. मी तिथे तीन तास फक्त आईला जेवायला लावायचा प्रयत्न करत होतो. मी म्हणालो, नवस सोड, पाप माझं. ती म्हणाली, पाप तुझं, पण नात माझी. मी म्हणालो, देवीला सगळं कळतं. ती म्हणाली, "तिले कळते. तुलेच नाई कळलं." आम्ही दोघं एका बाकावर बसून पाणी प्यालो.

दुसऱ्या विमानात दोन तासांनी सगळ्या खिडक्यांच्या झडपा खाली केल्या आणि दिवे मालवले. लोकांनी पांघरुणं घेतली. मला नामी युक्ती सुचली. मी याडीला हलवलं. "उठ, रात झाली. सूर्य बुडला. दिवा मनातल्या मनात लाव अन् हा भात खा."

याडीनं अंधारात इकडेतिकडे पाहिलं. मग झडप दोन बोटं वर सरकवली. उन्हाची अशी पात आत घुसली की चार रांगांतली माणसं डोळे चोळत उठली.

"मास्तर," ती म्हणाली, "आईले फसवतं काय?"

तिनं झडप तशीच ठेवली आणि खाली बघत राहिली. खाली बर्फ होता. ग्रीनलंड. नकाशात मी तो पांढरा रंगवायला सांगतो, पण एवढा पांढरा असेल असं कधी वाटलं नव्हतं. याडी बराच वेळ बघत होती. तिनं उभा जन्म कपाशीच्या ओळींत वाकून काढला आहे. "पाह्य ना," ती म्हणाली, "केवढा कापूस फुटला अन् वेचाले एकही बाई नाई." आणि हसली. पण हसताना तिनं पुढची खुर्ची घट्ट धरली होती, ते मी पाहिलं. तिला चक्कर येत होती. तेव्हापासून उतरेपर्यंत मी काहीही खाल्लं नाही. उशिरा सुचलेली अक्कल, पण सुचली.

कॅलगरी

विमानतळावरच्या कस्टमच्या साहेबानं बॅगा पाहिल्या आणि मग याडीच्या कमरेचा रुमाल पाहिला. काय आहे? मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की कापूस आहे, दिव्याचा, देवासाठी. शेतातला माल म्हटल्यावर त्यानं एकेक वात दिव्याखाली धरून बघायला सुरुवात केली. बी आत येऊ द्यायचं नाही असा त्यांचा नियम आहे. याडीला ते कळलं आणि तिचा अपमान झाला. "वातीत सरकी ठेवतो का कोणी? हातानं काढली एकेक. तुह्या मायले विचार." मी याचं भाषांतर "नो सीड, सर" एवढंच केलं. त्यानं रुमाल परत नीट बांधून दिला. गाठ मात्र त्याला जमली नाही, ती याडीनं बांधली.

सुनीताच्या घरी पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते आणि ऊन आमच्याकडच्या तीन वाजताच्या उन्हासारखं होतं. सुनीता दारातच लेकरू घेऊन उभी होती. दोन वर्षांनी आईला बघत होती. रडत, हसत तिनं पोर पुढे केली.

याडी एक पाऊल मागे सरली. हात पाठीमागे नेले. "अजून दिवस हाय," ती म्हणाली.

सगळं सांगून झालं. मी विचारलं, "इथे सूर्य केव्हा मावळतो गं?"

"जूनमध्ये? दहाला." आणि सुनीतानं माझ्याकडे जे बघितलं, ते मी वीस वर्षांत एकाही पोराकडे बघितलेलं नाही.

मग ती नर्स झाली. आईला खुर्चीत बसवलं, मनगट धरलं. "नाडी धावून राह्यली, याडी. पायावर सूज हाय. बस झालं. खाय."

"साडेतीन तासाचा तं सवाल हाय."

"तू पडशील!"

लेकरू रडायला लागलं. हातभर अंतरावर नात रडत होती आणि याडी स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून. माझ्यानं बघवेना. माझ्या वजाबाकीनं माझी आई तिथे अशी बसली होती.

"सुने," याडी म्हणाली, "हे पेटीत होतं तवा तुले हात लावू देत नव्हते. तूच सांगे फोनवर. महिनाभर काचेतून पाह्यलं ना तू? मंग म्या एवढं नाई थांबत?"

लेकराला खांद्यावर घेऊन सुनीता खोलीत फेऱ्या मारायला लागली. जरा वेळानं तिनं फोन उचलला. पोचल्याचं घरी कळवायचं होतं, आणि तिला कुणाशी तरी बोलायचंही असावं. आवाज सगळ्यांना येईल असं बटण दाबून तिनं फोन याडीपुढे ठेवला. फुलसावंगीत तेव्हा सकाळचे सात वाजले होते. शेवंतानं उचलला.

"पोचले का, याडी? जेवल्या ना?"

"कायचं जेवणं. इथिसा सूर्य बुडलाच नाई."

"अजून?" शेवंता म्हणाली. "म्या तं काल सांजेलेच उपास सोडला."

"तू? तू कायले थांबली होती?"

"तुमी उपाशी, मी कशी जेवू?" शेवंताचा आवाज खाली आला. "याडी, बोलू नका मले. सूर्य बुडला, अन् देवीपुढं अंधार. म्या फळीवरचा डबा काढला. तुमच्या वाती घेतल्या. तुमच्या नावानं दिवा लावला. तुमाले न इचारता."

मी सुनीताकडे पाहिलं, सुनीतानं माझ्याकडे. एकोणीस वर्षांत न घडलेलं भांडण आता सातासमुद्रापार होणार अशी माझी खात्री झाली.

"वात कोणती घेतली?" याडीनं विचारलं.

"लांबवाली. दोन, एकीत एक वळून."

"तेल?"

"गोडं तेल. सकाळपावतर जळे असं पाह्यलं. आता सूर्य उगोला तरी हायच."

"म्हणजे तिथिसा बुडला."

"बुडला बी अन् उगोला बी, याडी."

याडीनं खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मग मला म्हणाली, "म्या नवस कोणाले बोलली? घरच्या देवीले. तिच्या दारात सूर्य बुडला. तिच्यापुढं दिवा लागला, आपल्याच वावरातल्या कापसाचा. इथल्या सूर्यासंग माहा काही करार नाई."

तिनं मांड्यांखालचे हात बाहेर काढले. बोटांवर खुर्चीचे वळ उठले होते. ते दोन्ही हात पुढे करून ती म्हणाली, "दे माही छोरी."

लख्ख उन्हात तिनं नातीला मांडीवर घेतलं. लेकरानं घुगरी पकडली आणि रडं थांबवलं. सुनीता एकीकडे डोळे पुसत होती आणि दुसरीकडे आईला वरणभाताचे घास भरवत होती. मीही रडलो, त्यात लपवायचं काय. फोन चालूच होता. पलीकडून शेवंता "काय झालं? काय झालं?" विचारत होती आणि कुणालाच सांगायचं सुचत नव्हतं. मी माझं ताट मागितलं तेव्हा याडी म्हणाली, "मास्तरले वाढ, पण घड्याळ पाहून वाढ."

पुढचे पंधरा दिवस मजेत गेले. डोंगर पाहिले, त्यांच्यावर जूनमध्येही बर्फ होता. शेजारी दर शनिवारी यंत्रानं गवत कापून पोत्यात भरत आणि फेकून देत. याडीला ते सहन होईना. "ढोर नाई तं गवत कायले लावतात हे लोक?" पलीकडच्या घरात एक म्हातारी गोरी बाई होती. तिला याडीच्या कांचळीवरचे आरसे फार आवडले. दोघी रोज दुपारी पायरीवर बसत. ती इंग्रजीत बोले, ही गोरबोलीत, आणि दोघींचं एकमेकींशी पटे. निघायच्या दिवशी त्या बाईच्या पडद्यावर आरशांची एक ओळ शिवलेली होती आणि याडीच्या पिशवीत लोकरीची टोपी होती. फुलसावंगीत ती टोपी कुठल्या महिन्यात घालायची हे अजून ठरलेलं नाही.

फुलसावंगी

परत आलो तेव्हा पाऊस होऊन गेला होता आणि कपाशी दोन पानांवर आली होती. शाळा सुरू झाली. रेखांशाच्या तासाला मी पोरांना आमचं तिकीट उदाहरण म्हणून घातलं. एका पोरीनं दोन मिनिटांत साडेएकवीस तास असं बरोबर उत्तर काढलं आणि विचारलं, "सर, असं चुकणारं कोणी असते का?" मी तिला बसायला सांगितलं.

संध्याकाळी तांड्यातल्या बाया आमच्या ओट्यावर जमल्या. टोपी सगळ्यांनी घालून पाहिली. मी पाठ केलेलं अंतर सांगितलं, चौदा हजार किलोमीटर. ते कुणाच्या कानात शिरलं नाही. एकीनं याडीलाच विचारलं, "खरं सांग, किती लांब हाय सुनीचं गाव?"

"एका दिवसाची वाट हाय," याडी म्हणाली. "पण सूर्य बुडवाले घरी कोणी पायजे."

बायांना काही समजलं नाही. शेवंता आत भांडी घासत होती, भांड्यांचा आवाज थांबला. सूर्य पळसांच्या मागे गेला, ओट्यावर सावली आली. ही याडीची उठायची वेळ. एकोणीस वर्षं ती याच वेळी गुडघ्यावर हात टेकून उठते आणि आत जाते. त्या दिवशी ती उठली नाही. कमरेचा रुमाल सोडला, उरलेल्या वाती मोजल्यासारखं केलं आणि तो उंबऱ्यावर ठेवला.

"शेवंता," तिनं हाक मारली, "दिवस बुडला. दिवा लाव."